कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला

इंद्राणी हसली ती माझ्याकडे बघून. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी मला शहाणपण शिकवायला नको. प्लास दार्मच्या चौकातल्या बाकावर ती बसली होती, समोर सत्यदेव कॅमेरा डोळ्याला लावून उभा होता, आणि त्याच्या डाव्या खांद्याला जवळजवळ चिकटून मी उभी होते. एक चप्पल पायात, एक हातात. पोर्ट लुईतली समस्त मराठी मंडळी एका सुरात सांगतात की ती सत्यदेवकडे बघून हसली. सांगोत बापडे. त्यांच्यातलं कोणी तिथे नव्हतं, मी होते.

मी बों अक्योय गावची. घराबाहेर पाय टाकला की ऊस, आणि ऊस संपला की पुन्हा ऊस. करोल वादळ येऊन गेलं त्याच्या दुसऱ्या वर्षी बाबांनी मला पुढे शिकवायचं म्हणून बेटाच्या राजधानीत, पोर्ट लुईला, नंदलालमामाकडे आणून सोडलं. मामा गोदीत कामाला होता, सकाळी जायचा तो दिवेलागणीला परत यायचा. घरात भगवतीमामी आणि तिची चार कार्टी. त्यांच्या वेण्या, त्यांची धुणी, त्यांची उष्टी काढून जो वेळ उरेल त्यात माझी शाळा. मामी मारकुटी नव्हती हो, खोटं कशाला बोलू? पण तिने मला नावाने कधी हाक मारली नाही. ‘ए पोरी’ म्हणायची. शाळेतल्या मुली आपसांत फ्रेंच फाडायच्या, आणि मी जवळ गेले की त्यांना एकदम घरचं काम आठवायचं. एवढं मोठं शहर, एवढी माणसं, आणि आठवडेच्या आठवडे ‘कुंती’ हा शब्द कोणाच्या तोंडून ऐकू यायचा नाही. कधी कधी न्हाणीघरात मीच हळूच म्हणून बघायची. हसू नका, सोळा वर्षांची होते मी.

रविवारी दुपारी मात्र मामी मला सोडायची, कारण मंडळाच्या बैठकेत मराठीचा वर्ग असायचा आणि तिथे पोर न पाठवली तर चार लोक नावं ठेवतात. बैठका म्हणजे एक पत्र्याची खोली, चटया, एक फळा आणि भिंतीवर गणपती. मी पहिल्या दिवशी कोपऱ्यात बसले. वर्ग निम्मा झाल्यावर एक मुलगी धापा टाकत आली, माझ्या शेजारी धपकन बसली आणि कुजबुजली, “तुझं नाव काय गो?”

“कुंती.”

“कुंती, सरक की थोडी. चटई काय तुझ्या बापाची?”

झालं. तेवढ्यावर मी तिची झाले. तिचा पुढचा एक दात वाकडा होता आणि हसताना ती तोंडावर हात धरायची. इंद्राणी तिचं नाव. सतरा सरून अठरावं लागलेलं. बाप परशुरामकाका मोठ्या बाजारात भाजी विकायचे आणि ही एका शिंप्याकडे काज-बटणं करायची. तिला साऱ्या पोर्ट लुईची खडान्‌खडा माहिती. दुधाचा थंडगार आलुदा कोणाचा घट्ट आणि कोणाचा पाण्यासारखा, कुठल्या बोळातून गेलं की मामीला दिसत नाही, कुठल्या दुकानाच्या काचेत आपण बारीक दिसतो. ती मला दर दोन वाक्यांनी ‘कुंती’ म्हणायची. मी मोजत नव्हते, पण पोट भरल्यासारखं वाटायचं.

वर्ग घ्यायचा सत्यदेव. तेव्हा आम्ही त्याला गुरुजी म्हणायचो, आता तो मैत्रिणीचा नवरा, म्हणून तोंडावर भावोजी आणि मागे नुसतं सत्यदेव. तेव्हा असेल बावीस-तेवीसचा. बंदरावर कारकून. कुठल्याशा खलाशाकडून त्याने एक जुना सिनेमाचा कॅमेरा मिळवला होता, हातात मावणारा, किल्ली फिरवून चालवायचा. आवाज त्यात येत नसे, नुसती हलती चित्रं. एका रविवारी वर्ग सुटल्यावर त्याने आम्हां दोघींना थांबवलं.

“मला एक सिनेमा काढायचा आहे. तुम्ही दोघी हव्या.”

इंद्राणीने तोंडावर हात धरला. “गोष्ट काय गुरुजी?”

“दोन मुली. एक गावाहून आलेली, एक शहरातली. एक दिवस शहरभर फिरतात.”

“मग?”

“मग काही नाही. संध्याकाळ होते, घरी जातात.”

“हिरो?”

“हिरो नाही.”

“आयो!” इंद्राणी म्हणाली, “मग बघायला येणार कोण? तुमची आत्या?”

तो चिडला नाही. म्हणाला, “मी दर रविवारी तुम्हां दोघींना इथून बाहेर पडताना बघतो. एकमेकींचं बोलणं संपत नाही म्हणून कोपऱ्यावर किती वेळ उभ्या असता. ते मला काढायचं आहे.” कधी नव्हे ते कोणाच्या तरी लक्षात आलं होतं की मी कुठेतरी उभी असते. मी लगेच हो म्हटलं.

मंडळाचे अध्यक्ष सत्यनारायणकाका मोठ्या मनाचे आणि मोठ्या आवाजाचे. मुलांचं काहीतरी चाललंय म्हणून त्यांनी मंडळातून रिळांची सोय केली आणि आमच्या दोन्ही घरी जाऊन ‘मंडळाचं काम आहे’ असं सांगून आले. मंडळाचं काम म्हटल्यावर मामीची काय बिशाद? त्या हिवाळ्यात, आमच्याकडे हिवाळा गणपतीच्या आधी येतो, आम्ही रविवारमागून रविवार फिरलो. रविवारी पोर्ट लुई रिकामं असतं. कचेऱ्या बंद, दुकानांच्या फळ्या लावलेल्या, बंदराकडून वारा येतो आणि रस्त्यावर कुत्रं नाही. त्या रिकाम्या शहरात आम्ही दोघी पुढे आणि गुरुजी मागे. कंपनी बागेतल्या वडाखाली बसलो, किल्ल्याच्या चढावर चढलो, शां दे मार्सच्या शर्यतीच्या मैदानात घोडे नसताना घोड्यांसारख्या धावलो. कपडे दर वेळी तेच घालायचे, कारण सिनेमात सगळा एकच दिवस होता. माझा निळा फ्रॉक आखूड होत चालला, तेव्हा इंद्राणीने शिवण उसवून खाली दुमडलेलं कापड सोडून दिलं. रीळ संपलं की ते बोटीने विलायतेला धुवायला जायचं आणि महिनोन्‌महिने परत यायचं नाही. आम्ही कशा दिसतोय हे आम्हांला ठाऊक नव्हतं. मला तर वाटायचं, हा सिनेमा कधी संपूच नये. सिनेमा संपला की रविवार संपले.

आणि तेवढ्यात इंद्राणीला प्लेन मान्येनचं स्थळ आलं.

बलराम त्याचं नाव. तिशी उलटलेला, पहिली बायको वारलेली, दोन लेकरं. उसाच्या जमिनीचा तुकडा होता, घर होतं, माणूस सज्जन होता असं सगळे सांगत होते. मला त्याच्याशी काय करायचंय? इंद्राणी बेटाच्या त्या टोकाला जाणार, एवढंच मला कळत होतं. दुसऱ्याच्या दोन पोरांची आई झालेल्या बाईला मैत्रिणीला भेटायला बसने पोर्ट लुईला कोण पाठवतं?

“तिथे विमानं उतरतात गो,” इंद्राणी म्हणाली, “माणसं नाही उतरत.” नेहमीसारखी हसली नाही. “बाबा म्हणतात गणपती झाले की शब्द देऊ. कुंती, मी तिकडे मरून जाईन.”

ती गेली की मला नावाने हाक मारणारं कोणी उरणार नाही, हाच विचार डोक्यात. स्वार्थी म्हणा हवं तर. पण माझा जीव टांगणीला लागला होता तो तिच्याएवढाच.

तर तो रविवार. त्या दिवशी सत्यदेवला बाकावरचा प्रसंग काढायचा होता. शहरातली मुलगी वाट बघत बसली आहे, गावाकडची मैत्रीण येईल की नाही याची तिला खात्री नाही. मग मैत्रीण येताना दिसते आणि ती हसते. आधी तिचं हसणं काढायचं, मग वळून माझं येणं काढायचं. सोपं काम. पण नेमकं त्याच दिवशी मामीच्या धाकट्याला ताप भरला आणि मामी म्हणाली, “कुठे जायचं नाही, ए पोरी.” मी रडले, भांडी आपटली, पोराच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. पोरगं झोपलं, मामीचाही डोळा लागला आणि मी मागच्या दाराने सुटले. धावताना चपलेचा अंगठा तुटला. ती हातात घेऊन तशीच धावले.

इकडे इंद्राणी खरोखरच वाट बघत होती. सत्यदेव तिला सांगत होता, हस, थोडी हस, आणि ती लाकडासारखी बसली होती. मी येत नाही म्हणजे मामीने अडवलं, आता आपले रविवार बंद, असं तिला वाटत होतं. मी धापा टाकत सत्यदेवच्या बाजूला येऊन थांबले. केस सुटलेले, तोंड लाल, हातात चप्पल. तिने मान वर केली.

तसं हसताना मी तिला आधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. तोंडावर हात धरायला विसरली. वाकडा दात दिसला, हनुवटीला सुरकुत्या पडल्या, डोळे भरून आले. आपल्याला बघून कोणाचा चेहरा असा होऊ शकतो हे मला ठाऊकच नव्हतं. शेजारी कॅमेरा कुरकुरत होता. मग तो खट्‌ करून थांबला.

“रीळ संपलं,” सत्यदेव म्हणाला. “कुंतीचं येणं पुढच्या रिळात काढू.”

पुढचं रीळ बोटीतून यायचं होतं. ते आलं नाही. त्याच्या आधी गणपती आले.

विसर्जन झाल्यावरच्या रविवारी बैठकेच्या खिडक्यांना चादरी लावल्या आणि भिंतीवर पांढरं धोतर ताणलं. शेवटची रिळं सत्यनारायणकाकांनी मुद्दाम विमानाने पाठवून धुऊन आणवली होती, आणि आता त्यांना सगळी लोकांना दाखवायचीच होती. सत्यदेव म्हणत राहिला की काका, अजून पुरा नाही झाला, पण काका कसले ऐकतात? चिनी फोटोवाल्याकडून यंत्र आणलं होतं. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, मध्ये पोरं. परशुरामकाका पुढेच बसले होते. इंद्राणी आईजवळ आणि मी मामीजवळ.

सुरुवातीला मजा आली. “ती बघ आपली गल्ली!” “अगो, तो रामू भाजीवाला!” आम्ही धावताना दिसलो तेव्हा पोरं ओरडली. मी मला पहिल्यांदाच बघत होते, फ्रॉक अगदीच गबाळा दिसत होता. मग बाक आला. इंद्राणी वाट बघत बसलेली. बसलेली. मग तिने मान वर केली आणि ती हसली, सगळ्या भिंतीभर. एक पोरसुद्धा चुळबुळलं नाही. आणि मग खट्‌, भिंत पांढरी.

“पुढे?” सत्यनारायणकाकांचा आवाज आला. “कोण आलं?”

“कुंती येते काका. ते काढायचं राहिलंय.”

“ही काय? ही आली म्हणून एवढं हसू?” आणि सगळे हसले. वाईट मनाने नाही हो. पण थिएटरात सिनेमे बघून बघून त्यांना एवढंच पाठ होतं, की मुलगी अशी हसली म्हणजे समोर एकच माणूस असू शकतो. हिरो. आणि इथे हिरो नव्हता. मग कोणीतरी बाई मागून म्हणाली, “समोर होतं तरी कोण?”

“समोर कॅमेरा होता,” सत्यदेव म्हणाला.

“आणि कॅमेरा कोणाच्या हातात?”

सगळ्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या. कपाळ माझं, तो लाल झाला! कानापासून मानेपर्यंत लाल. काही नसताना लाजून मोकळा. परशुरामकाका उठले आणि चपला न घालताच बाहेर गेले.

मला राहवेना. मी उभी राहिले आणि ओरडले, “मी होते तिथे! ती माझ्याकडे बघत होती. नीट बघा ना, नजर कॅमेऱ्यात नाही, जरा डावीकडे आहे. डावीकडे मी होते!”

सत्यनारायणकाकांनी हाताची मूठ करून उजव्या डोळ्याला लावली. “हा कॅमेरा. बरोबर? मग सत्यदेवचं उरलेलं तोंड कुठे आलं? डावीकडेच ना?”

बैठका हसून हसून लोटपोट झाली. मामीने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर निळं होतं. मी सत्यदेवकडे बघितलं. त्याला तर माहीत होतं! तो रीळ गुंडाळत होता आणि वर बघत नव्हता. दुसऱ्या दिवशी गोदीच्या दारात मी त्याला गाठलंच. “गुरुजी, तुम्ही का नाही बोललात?”

तो बराच वेळ चाचरला. “मला त्या चौकटीत तीच दिसत होती, कुंती. तू येऊन उभी राहिलीस ते मला कॅमेरा बंद झाल्यावर कळलं. तोवर मला वाटलं...” आणि पुन्हा लाल. घ्या! हसू माझं, आणि दिवाळी याच्या घरी.

तीन-चार दिवसांत सत्यदेवची आत्या इंद्राणीच्या घरी जाऊन आली. मुलाच्या मनात आहे म्हणाली. परशुरामकाका मुलीवर डाफरले नाहीत. ते घरात म्हणाले, तिच्या मनात असेल तर माझी ना नाही, मुलगा आपल्यातला आहे. पण नसेल, आणि हे नुसतं लोकांचं तोंड असेल, तर प्लेन मान्येनची माणसं रविवारी येतायत, त्यांना शब्द देऊन टाकतो. मुलगी लाजेने हो म्हणेल किंवा भीतीने नाही म्हणेल. म्हणून ते मलाच विचारणार होते. कारण मीच भर बैठकेत ओरडले होते.

हे मला इंद्राणीने सांगितलं, बाजारात आलुदावाल्याच्या मागे, दोघी हातात पेले घेऊन उभ्या असताना.

“कुंती, ते परत बोलू नकोस.”

“का? खरं आहे ते.”

“खरं आहे गो! मला काय माहीत नाही? मी तुझीच वाट बघत होते. तू आलीस आणि माझा जीव भांड्यात पडला. पण बाबांना तसं सांगितलंस तर रविवारी शब्द जाईल. गुरुजींचं नाव घेतलंस तर मी इथेच राहते. त्यांचं घर तुझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे. आपण रोज भेटू. अगदी रोज!”

“तुला गुरुजी आवडतात?”

तिने खांदे उडवले. “वाईट नाहीत. मारणार नाहीत. शिवाय बघ ना, ते मला हिरोईन समजतात.” आणि हसली, तोंडावर हात धरून. मग हात काढून माझा हात धरला. “तेवढं हसू सोड माझ्यासाठी. मी तुला दुसरं देईन.”

परशुरामकाका कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

“पोरी, त्या दिवशी तू ओरडलीस ते खरं होतं का? तू तिथे होतीस, माझी मुलगी तुझ्याकडे बघून हसली?”

साधा, सरळ माणूस. त्यांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलणं किती अवघड होतं म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला बघून तसं हसलं होतं, आणि मीच ते पुसणार होते.

“नाही काका,” मी म्हटलं. “लोक हसायला लागले म्हणून तिला वाचवायला बोलले. ती गुरुजींकडे बघूनच हसली.”

त्यांनी पाण्याचं भांडं पुन्हा उचललं. मग म्हणाले, “बरं झालं खरं सांगितलंस. मैत्रीण असावी तर अशी.” आणि मला कोथिंबिरीची एक जुडी दिली. ती मी बंदराच्या पाण्यात फेकली. मामीला न्यायला हवी होती, पण नाही नेली.

लग्न झालं. संध्याकाळी मांडवात पुन्हा धोतर ताणलं आणि तेच रीळ लावलं. इंद्राणी हसली तिथे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्यासुद्धा. मीपण वाजवल्या. न वाजवून काय करता? आम्ही दोघींनी हिवाळाभर पायपीट केली ती या एका हसण्यापर्यंत पोचायला, असंच आता वाटत होतं. मध्ये मी होते खरी, पण हिरोईनची मैत्रीण म्हणून. माझं येणं सत्यदेवने कधी काढलं नाही. दोन-तीनदा म्हणाला, “कुंती, एकदा ते काढून टाकू.” मग पहिली मुलगी झाली, कॅमेऱ्याची किल्ली तुटली आणि ते राहिलंच.

रोज भेटू म्हणाली होती. पहिल्या महिन्यात भेटलोही. मग सासूबाईंना गुडघेदुखी, मग डोहाळे, मग बाळ. मी गेले की ती आनंदाने दार उघडायची, पण चुलीवर काहीतरी असायचं आणि बोलणं मध्येच तुटायचं. कोणी वाईट नव्हतं, हाच तर त्रास आहे. भांडायला तरी कोणी हवं! प्लेन मान्येनला गेली असती तर निदान त्या टोकाकडे बघून रडता आलं असतं. दोन गल्ल्यांसाठी कोण रडतं?

मी परीक्षा पास झाले, मास्तरीण झाले आणि बों अक्योयला परत आले. स्थळं आली, बघून गेली, मीपण काहींना बघून घालवलं. शाळेत मुलं मला ‘मिस’ म्हणतात, घरी आई ‘अगो’ म्हणते. पोर्ट लुईला मी वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी बसने जाते. इंद्राणी दारातच म्हणते, “कुंती, ये!” आणि तेवढ्यासाठीच मी जाते, दुसरं काही नाही.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा त्यांची थोरली, बसंती, हट्टाला पेटली होती. आई-बाबांचा सिनेमा बघायचा. सत्यदेवने हल्लीच कुठून तरी स्वतःचं यंत्र घेतलंय. भर दुपारी खिडकीला चादर लावली, भिंतीवर लुगडं टांगलं. आम्ही चटईवर बसलो, मी, इंद्राणी आणि मध्ये ती सात वर्षांची पोर. शहर आलं, रिकामे रस्ते आले, आम्ही धावलो. बसंती टाळ्या पिटत होती. मग बाक आला, इंद्राणीने मान वर केली आणि ती हसली.

“आई, कोणाकडे बघून हसलीस?”

“तुझ्या बाबांकडे,” इंद्राणी म्हणाली. मी मनात हसले. पोरीला दुसरं काय सांगणार ती?

“आणि मावशी कुठे होती?”

इंद्राणीने विचार केला. खरोखर विचार केला, भुवया आवळून, आठवून. “मावशी त्या दिवशी नव्हती. तिच्या मामीने सोडलंच नाही तिला. मी किती वाट बघितली! शेवटी आलीच नाही ती.” आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “आठवतं का गो कुंती? धाकट्याला ताप होता ना?”

मी तिच्या चेहऱ्यावर शोधलं. डोळा मारील, ओठ मुडपेल, पोरीसमोर नाटक चाललंय असं काहीतरी दाखवील. काही नव्हतं. तिचा चेहरा स्वच्छ होता. तिला ताप आठवत होता, मामी आठवत होती, वाट बघणं आठवत होतं. मी आल्याचं तिला आठवत नव्हतं. मला इतकं एकटं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, मामीच्या घरात नाही की बों अक्योयच्या उसात नाही. तोवर मला वाटायचं, ही गोष्ट आम्हां दोघींची आहे. ती तर माझ्या एकटीचीच होती.

यंत्रामागून सत्यदेव म्हणाला, “अगं, असं कसं? त्या दिवशी कुंती तर...”

“नव्हते, भावोजी,” मी म्हटलं. “मी नव्हतेच त्या दिवशी.”

मग त्याने मान खाली घातली आणि रीळ उलटं फिरवायला लागला. बसंती माझ्या मांडीवर चढून बसली. “तू का नाही आलीस मावशी? आई एवढी वाट बघत होती!”

“चप्पल तुटली होती गो,” मी म्हटलं, आणि तिच्या सुटलेल्या केसांची वेणी घालायला घेतली.